परतीचं गाठोडं

एका घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात एक वाटाड्या राहायचा. घाट उतरून खालच्या गावी जाणाऱ्यांना वाट दाखवायची, हे त्याचं काम, आणि ते तो चोख करायचा. कुठला दगड पायाखाली हलतो, कुठला झरा फाल्गुनात आटतो, कुठल्या झाडावर मधमाश्या बसतात, सगळं त्याला ठाऊक. आपल्याला सगळं ठाऊक आहे, हेही त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या गावात जुनी रीत होती. घाटात उतरणाऱ्या वाटाड्यानं पाठीवर एक गाठोडं बांधायचं. त्यात एक घोंगडी, वीस हात दोर, चकमक, कोरडा कापूस, गुळाचा खडा आणि एक भाकरी. याला म्हणायचे परतीचं गाठोडं. यातली भाकरी जाताना खायची नाही, येतानाही खायची नाही. सुखरूप परत आलं की वेशीवरच्या गाईला घालायची आणि मग घरी जायचं. ही रीत कुणी घातली आणि का घातली, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. रीत आहे म्हणून पाळायची, एवढंच.

एके दिवशी आपल्या वाटाड्यानं डोकं चालवलं. भाकरी शेवटी गाईच्याच तोंडी जाणार, मग ती दिवसभर पाठीवर वागवायची कशाला? त्यानं निघतानाच गाईला भाकरी घातली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि झपाझप घाट उतरला. देव कोपला नाही की गाय रुसली नाही. दुसऱ्या खेपेला त्याच्या मनात आलं, ज्यात भाकरीच नाही ते परतीचं गाठोडं कसलं? मग दोर, घोंगडी, चकमक सगळं घरात खुंटीवरच राहिलं.

बायकोनं एकदोनदा टोकलं, पण तो हसून टाळायचा. अशी सात वर्षं गेली. एकदाही काही अडलं नाही. बाकीचे वाटाडे धापा टाकत चढायचे आणि हा मोकळ्या पाठीनं शीळ घालत वर यायचा. गाय मात्र हुशार निघाली. संध्याकाळी वेशीवर उभी राहायची ती आता सकाळीच त्याच्या दारात येऊ लागली.

पुढे एका मार्गशीर्षात खालच्या गावी लग्न निघालं. नवरीला चुडा भरायला गावातला म्हातारा कासार निघाला. वाटाड्याला तो लहानपणापासून ओळखायचा, वाटाड्या त्याला मामा म्हणायचा. बांगड्यांची पेटी डोक्यावर आणि बायकोनं दिलेली घोंगडी खांद्यावर टाकून कासार सकाळी त्याच्या दारात आला.

"मामा, घोंगडी कशाला घेतली?" वाटाड्या म्हणाला. "घाटात काय मुक्काम करायचाय? उन्हं कलायच्या आत खाली पोचतो आपण."

"गारठा हाय रं," कासार म्हणाला. मग त्यानं वाटाड्याच्या मोकळ्या पाठीकडं पाहिलं. "तुझं गाठोडं कुठाय?"

"भाकरी खाल्ली गाईनं. चला."

कासारानं एकवार आभाळाकडं पाहिलं. पण ज्यानं जन्मभर घाट तुडवला त्याला आपण काय शिकवायचं, असं त्याच्या मनात आलं असावं. त्यानं घोंगडी वाटाड्याच्या ओट्यावर ठेवली आणि तो निघाला.

अर्धा घाट उतरेपर्यंत ऊन होतं. मग खालून धुकं चढलं, वारा सुटला आणि बारीक पाऊस लागला. पायवाट निसरडी झाली. वाटाड्यानं म्हाताऱ्याच्या डोक्यावरची पेटी स्वतःकडं घेतली, एवढं एक शहाणपण त्याला सुचलं. पण एका वळणावर कासाराचा पाय घसरला आणि तो कड्यावरून खाली गेला. नशिबानं तीन माणसांच्या उंचीइतकं खाली दगडाचा एक टप्पा होता, त्यावर तो अडकला. पाय मोडला होता, पण माणूस शुद्धीवर होता.

तिथं उतरायला वाट नव्हती. वाटाड्यानं डोक्याचं मुंडासं सोडून खाली टाकलं. मुंडासं जुनं, विरलेलं. कासारानं धरून जोर लावताच ते मधोमध फाटलं. त्या वेळी वाटाड्याला आपल्या घरातली खुंटी डोळ्यांसमोर दिसली. दोर असता तर म्हातारा वर आला असता. नुसती घोंगडी असती तरी वरून टाकता आली असती.

खालून कासार शांतपणे म्हणाला, "आता माणसं घेऊन ये. मी बसतो हितं. आन् पेटी नीट ने बाबा, नवरीचा चुडा हाय."

वाटाड्या निघाला. पण धुक्यात स्वतःचा हात दिसेना. जी वाट तो एरवी धावत चढायचा ती त्याला दगड चाचपत चढावी लागली, आणि गावात पोचेपर्यंत दिवेलागण झाली. माणसं लगेच निघाली, पण वाऱ्यापावसात पलिते टिकेनात. ती कासारापाशी पोचली तेव्हा उजाडलं होतं. दोर खाली सोडला. तो कासारापर्यंत पोचला आणि वर कमरेला बांधण्याइतका उरलाही. कासार मात्र दगडाला टेकून, उपरणं छातीशी आवळून गारठून गेला होता.

गावातले लोक म्हणाले, त्याची वेळ भरली होती. वाटाड्याच्या म्हाताऱ्या चुलत्यानं तसं म्हटलं नाही. त्यानंही एकेकाळी हाच घाट तुडवला होता. तो पुतण्याला म्हणाला, "अरे, गाईला घालायची म्हणून भाकरी न्यायची नव्हती. ती उरली म्हणून गाईला घालायची होती."

वाटाड्याला रडू आवरेना. एवढी साधी गोष्ट सात वर्षांत आपल्याला कळू नये, याची त्याला फार लाज वाटली.

तेराव्यानंतर तो कासारणीपुढे जाऊन बसला. तिनं विचारलं, "वाट चुकला होता का रं?"

खोटं बोलला असता तर खपून गेलं असतं. पण तो म्हणाला, "न्हाई मामी. वाट पाठ होती. पाठीवर काही नव्हतं. आन् मामांची घोंगडीबी मीच ठेवायला लावली."

कासारीण म्हणाली, "मला सांगून आता काय व्हनार? घाट उतरणाऱ्याला सांग."

तेव्हापासून तो घाटाच्या तोंडाशी बसू लागला. येईल त्या प्रत्येकाला थांबवून तो ही हकिगत सांगायचा, आपलं नाव न वगळता. काही जण ऐकून मागे फिरायचे आणि दोर, घोंगडी घेऊन यायचे. काही हसून पुढे जायचे. हसणाऱ्यांवर तो कधी रागावला नाही. सात वर्षं तोही तसाच हसला होता. तो फक्त उठून उभा राहायचा आणि ती माणसं परत येईपर्यंत खाली बसायचा नाही.

तात्पर्य: नेलेलं उरलं तर परत आणता येतं. न नेलेलं अडल्या वेळी कुठून आणणार?