क्विलनचं कडं

"म्हणजे यात क्विलनचं नेमकं उरलंय तरी काय, बाबा?"

दावलशा फकीर खोकला. मग तो अंगणातल्या कबरींकडे पाहत बसला.

शशांक धारपने हातातली मोजपट्टी खाली ठेवली. सकाळपासून तो त्या वाद्यावर ओणवा होता. पाठ भरून आली होती, आणि मनातून तो पुरता धास्तावला होता.

वाद्य आयर्लंडचं. बॅगपाइपच, पण तोंडाने न फुंकायचा. उजव्या बगलेत भाता, डाव्या बगलेत कातड्याची पिशवी. भात्याने पिशवी भरायची, कोपराने ती दाबायची आणि पुढच्या नळीवर बोटं चालवायची. डिनी क्विलन नावाचा एक कारागीर फार पूर्वी असे पाइप करत असे. त्याच्या हातचे मोजकेच उरलेत आणि तेही संग्रहालयात, काचेआड. त्यांच्या आतल्या, सूर काढणाऱ्या पत्त्या वाळून केव्हाच फुटल्यात. क्विलनचा पाइप ऐकलेला माणूस आता कुठे सापडायचा नाही.

या क्विलनपायी शशांकने उमेदीची सगळी वर्षं घातली होती. लग्न राहिलं ते राहिलंच. पुण्यात मित्र त्याला 'क्विलनराव' म्हणत, आणि तो बिचारा ते कौतुक समजे.

मग त्याला सुगावा लागला. छावणीच्या गावाबाहेर फकिरांचा तकिया, म्हणजे राहायची जागा, आहे. इंग्रजी अमदानीत एका आजारी आयरिश शिपायाने तिथे अखेरचे दिवस काढले आणि आपला पाइप तिथेच ठेवला. तो क्विलनचा आहे आणि अजून वाजतो. शशांकने शहानिशा न करताच एका परिषदेत छाती पुढे काढून हे सांगूनही टाकलं होतं.

आता तो पाइप समोर होता, आणि एकही माप क्विलनच्या मापाशी जुळत नव्हतं.

"ही पिशवी कुणाची?"

"माझ्या मुर्शदाच्या मुर्शदानं शिवली." मुर्शद म्हणजे फकिराचा गुरू.

"भाता?"

"त्याच्या आधीच्यानं केला."

"या सूर धरणाऱ्या नळ्या?"

"त्या मुर्शदाच्या. बाभळीच्या हायेत."

"आणि ही बोटांची नळी?"

"ती मी केली, साहेब."

"जुन्या तुटल्या होत्या का?"

"न्हाई. चांगल्या शाबूत होत्या."

शशांकच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शाबूत होत्या आणि तुम्ही फेकून दिल्यात?"

"फेकल्या न्हाईत. पुरल्या."

फकिराने बोट उचललं. कुंपणाच्या कडेने कबरींची एक रांग होती, आणि रांगेच्या शेवटी एका कबरीपुरती जागा मोकळी होती.

"मुर्शद गेला, की चेल्यानं या बाज्याचा एक तुकडा नवा करायचा. जुना काढायचा आणि मुर्शदाच्या पायाशी पुरायचा. असं चालत आलंय."

"कुठला काढायचा, ते कसं ठरतं?"

"ज्याच्यावर आपला जीव असंल, तो."

 फकीर खाली मान घालून बोलत राहिला.

"मला ती बोटांची नळी लई आवडायची. उशाशी घेऊन निजायचो. मुर्शद गेला, आणि पुरली. त्या लिंबाखाली हाय..."

"आणि तुम्हाला काही वाटलं नाही?"

"लई रडलो."

वारा सुटला. लिंबाची वाळकी पानं कबरींवरून घरंगळत गेली. तकियात दुसरं माणूस नव्हतं. चुलीत राख होती, कोपऱ्यात औषधाची रिकामी बाटली होती, आणि फकिराच्या छातीतली घरघर बाहेरपर्यंत ऐकू येत होती.

"मग क्विलनचं काहीच नाही," शशांक म्हणाला.  सगळं आयुष्य पाण्यात गेलं, असं त्याला अगदी स्वच्छ वाटलं.

"हाय की. ते कडं."

नळी जिथे पिशवीत बसते, तिथे एक पितळी कडं होतं. काजळी आणि तेलाने काळं पडलेलं. शशांकने ते जवळच्या एका चिंधीने पुसलं. काजळीखाली एक चिमुकला पक्षी कोरलेला होता. क्विलनचा छाप.

 परिषदेतला त्याचा शब्द, ती सगळी वर्षं, सगळं या बोटभर पितळेवर तरलं होतं.

"हे कसं राहिलं?" त्याने विचारलं.

"त्याच्यावर कुणाचा जीवच बसला न्हाई, साहेब. म्हणून राहिलं."

शशांकने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याची नजर पुन्हा कबरींकडे गेली.

"बाकीचे तुकडे मी उकरून काढतो. कबरींना धक्का लागणार नाही. पायाशी तेवढं खणायचं... तुम्ही फक्त हो म्हणा."

फकीर भिंत धरून उठला. आतून कुदळ घेऊन आला आणि शशांकच्या हातात दिली.

"घ्या."

एवढ्या सहज परवानगी मिळेल, असं शशांकला वाटलं नव्हतं. तो लिंबाखाली गेला. मुरूम कडक होता. चार घाव घातले तरी जमिनीचा नुसता टवकाच उडाला. हाताला फोड आले. शहरातले हात ते, त्यांना पेन पेलायची सवय.

तेवढ्यात मागून सूर आला.

खर्जातला, किंचित घोगरा सूर, आणि त्यावर चढत जाणारी एक बारीक धून. शशांक जागच्या जागी थिजला. काचेआडच्या मुक्या नळ्यांपुढे उभं राहून जे ऐकायचा त्याने आयुष्यभर प्रयत्न केला होता, ते पाठीमागे कुणीतरी वाजवत होतं.

सूर कण्हला आणि थांबला.

त्याने वळून पाहिलं. फकिराचा उजवा हात भात्यावरून खाली लोंबत होता.

"वाजवा ना, बाबा."

"डावा चालतो. उजव्यात जोर न्हाई राहिला. भाता कुणीतरी दाबाया पायजे."

शशांकने कुदळ टाकली. तो फकिराच्या उजव्या अंगाला बसला आणि भाता दाबू लागला. फकिराची बोटं नळीवर फिरू लागली. धून पुन्हा उठली, या वेळी अगदी कानाशी, आणि शशांकचे डोळे भरून आले. यात क्विलनची शिवण नव्हती, क्विलनचं लाकूड नव्हतं. तरी तो भाता दाबत राहिला.

हे टिपून घ्यायला हवं, असं त्याला वाटलं. त्याने खिशातल्या मोबाइलसाठी भात्यावरचा हात काढला.

धून तिथेच मेली.

"काय झालं?" फकिराने विचारलं.

"रेकॉर्ड करत होतो."

"काय रेकॉर्ड करत व्हता?"

 शशांकने मोबाइल खिशात सरकवला आणि पुन्हा भाता धरला. पण फकिराला खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबेना. थांबली तेव्हा त्याच्या ओठाशी रक्ताचा ठिपका होता. तो त्याने बाहीला पुसला.

"तुमच्यानंतर याचं कोण बघणार?"

"चेला न्हाई. सगळंच माझ्यासंगं जाईल... खड्डा मोठा लागंल जरा."

ऊन उतरलं.  रांगेच्या टोकाची मोकळी जागा समोर दिसत होती, आणि ती पाहून शशांकला फार वाईट वाटत होतं. इतकं वाईट त्याला क्विलनसाठीही कधी वाटलं नव्हतं.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "मला शिकवाल?"

फकिराने त्याच्या हाताचे फोड पाहिले. मग त्याचा अंगठा पाहिला. तो अंगठा मघापासून त्या पितळी कड्यावरून फिरत होता, कोरलेल्या पक्ष्यावर येऊन थांबत होता, पुन्हा फिरत होता. शशांकच्या ते ध्यानातही नव्हतं.

फकिराने पायांतल्या वहाणा काढल्या. दोन्ही पाय त्याच्यापुढे लांब केले.

"बोल. मी गेल्यावर इथं काय ठेवशील?"