ठिपकुलीचा दुसरा डोळा

बकुळाताई बाहुल्या करायच्या.
कशाच्या? जुन्या सदऱ्यांच्या. फाटक्या परकरांच्या. एकट्या राहिलेल्या मोज्यांच्या.

आणि बाहुल्या तरी कशा!
एका बाहुलीचे कान सुपाएवढे.
एका मामाच्या मिशा काथ्याच्या.
एका आजीच्या पोटाला खिसा, आणि खिशात तिची नात!

सकाळी बकुळाताई चहा प्यायच्या. मग कापड कापायच्या. कच कच कच.
मग कापूस भरायच्या. थुप थुप थुप.
मग नाक, मग तोंड. आणि डोळे? डोळे सगळ्यात शेवटी.

एकदा त्यांनी एक बाहुली केली. अंगठ्याएवढी.
ठिपक्या-ठिपक्यांच्या कापडाची. म्हणून तिचं नाव ठिपकुली.
ताईंनी तिला एक डोळा लावला. काळं बटण.
ठिपकुली बघायला लागली. टुकुटुकु, टुकुटुकु.

"अय्या! हे काय? ते काय? आणि त्याच्या पलीकडे काय?"

ताईंनी दुसरा डोळा घेतला. निळं बटण.
इतक्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. फस्स!
ताई धावल्या. बटण सुटलं.
टिंग! गरगर गरगर गरगर...
कुठे गेलं?

ताई परत आल्या. टेबलावर पाहिलं. टेबलाखाली पाहिलं. बटण नाही.
"आता गं काय करू? जेवणं झाली की बाहुल्या बालवाडीत न्यायच्यात. अजून मामाची विजार शिवायचीय. ठिपकुले, तू राहा चिंध्यांच्या टोपलीत. तुझं मग बघू."

आणि ताई मशीनवर बसल्या. खडखड खडखड.

ठिपकुली टोपलीत बसली. तिला वाईट वाटलं.
सगळे बालवाडीत जाणार. आणि मी?
बालवाडी कशी असते? तिथे कोण असतं? तिथली मुलं काय खेळतात?
मला बघायचंय!

ठिपकुलीने टोपलीतून उडी मारली. थुप!
अंगात कापूस होता. लागलं नाही.
थुपुक थुपुक, थुपुक थुपुक निघाली.

दारात ऊन पडलं होतं. उन्हात भुरी मांजर झोपली होती. घुर्र घुर्र.
ठिपकुलीने एका डोळ्याने पाहिलं. टुकुटुकु.
भुरीच्या पोटाखाली काय चमकतंय? निळं निळं?
बटण!

"मावशी मावशी, ऊठ ना! तुझ्याखाली माझा डोळा आहे."

भुरीने एक कान हलवला.
"नाही बाई! इथे ऊन आहे. ऊन सरलं, तर मी उठेन."

ठिपकुली उन्हाकडे वळली. उन्हात बारीक बारीक काहीतरी नाचत होतं.
"अय्या! हे काय नाचतंय?"
"धूळ," ऊन म्हणालं. "पण तू का आलीस?"

"उन्हा उन्हा, सर ना!
मांजर उठेना,
बटण सुटेना,
डोळा काही लागेना!"

"नाही बुवा! पडदा हलला, तर मी सरेन."

ठिपकुली निघाली. थुपुक थुपुक, थुपुक थुपुक.
दाराचा पडदा एका बाजूला गोळा होऊन उभा होता. त्याच्यावर हत्ती होते.
"अय्या! हे हत्ती कुठे चाललेत?"
"कुठेच नाही. छापलेले आहेत," पडदा म्हणाला. "पण तू का आलीस?"

"पडद्या पडद्या, हल ना!
ऊन सरेना,
मांजर उठेना,
बटण सुटेना,
डोळा काही लागेना!"

"नाही बुवा! वारा आला, तर मी हलेन."

ठिपकुली निघाली. थुपुक थुपुक, थुपुक थुपुक.
खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकी होती. खिडकी बंद. बाहेर वारा. सूंऽऽ सूंऽऽ.
ठिपकुली फटीपाशी गेली.
"अय्या! तू दिसत कसा नाहीस? मला एकच डोळा आहे म्हणून?"
"छे! मी दोन डोळ्यांनाही दिसत नाही," वारा म्हणाला. "पण तू का आलीस?"

"वाऱ्या वाऱ्या, ये ना!
पडदा हलेना,
ऊन सरेना,
मांजर उठेना,
बटण सुटेना,
डोळा काही लागेना!"

"नाही बुवा! खिडकी उघडली, तर मी येईन."

खिडकी तिथेच होती. ठिपकुलीने मान वर केली. वर, वर, आणखी वर.
"अय्या! तू केवढी उंच! तुला काय काय दिसतं?"
"फणसाचं झाड दिसतं. झाडावर खार दिसते," खिडकी म्हणाली. "पण तू का आलीस?"

"खिडकी खिडकी, उघड ना!
वारा येईना,
पडदा हलेना,
ऊन सरेना,
मांजर उठेना,
बटण सुटेना,
डोळा काही लागेना!"

"नाही बाई! माझी कडी गंजलीय. तेल गळलं, तर मी उघडेन."

तेल? तेल कुठे असतं?
ठिपकुलीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.
मशीनजवळ एक स्टूल होतं. स्टुलावर तेलाची कुपी बसली होती.
थुपुक थुपुक, थुपुक थुपुक.

"अय्या! तुझं नाक एवढं लांब का?"
"ते नाक नाही, तोंड आहे!" कुपी म्हणाली. "पण तू का आलीस?"

"कुपी कुपी, तेल दे ना!
खिडकी उघडेना,
वारा येईना,
पडदा हलेना,
ऊन सरेना,
मांजर उठेना,
बटण सुटेना,
डोळा काही लागेना!"

"नाही बाई! ताई मला हातात घेतात, तेव्हाच तेल गळतं. आणि ताई मला घेतात कधी? मशीन कुरकुरली, तर!"

मशीन शेजारीच होती. खडखड खडखड. ताई पाय मारत होत्या. मोठं चाक फिरत होतं.
ताईंना ठिपकुलीचं बोलणं ऐकू आलं नाही. बाहुल्यांचं बोलणं मोठ्या माणसांना ऐकू येतच नाही. त्यांना नुसती खुसफुस वाटते.

"अय्या! तू एवढी पळतेस, तरी तिथल्या तिथेच कशी?"
"कपडा पळतो, मी नाही," मशीन म्हणाली. "पण तू का आलीस?"

"मशीन मशीन, कुरकुर ना!
तेल गळेना,
खिडकी उघडेना,
वारा येईना,
पडदा हलेना,
ऊन सरेना,
मांजर उठेना,
बटण सुटेना,
डोळा काही लागेना!"

"नाही बाई! मी छान चालतेय. चाकात दोरा अडकला, तर मी कुरकुरेन."

आता दोरा!
मशीनखाली एक लाल रीळ पडलं होतं. एकटंच.
ठिपकुली दमली होती. तिचे पाय कापसाचे. हळूहळू चालली. थुपुक... थुपुक...
ती रिळापाशी जाऊन बसली.

"रिळा रिळा, दोरा सोड ना!
मशीन कुरकुरेना,
तेल गळेना,
खिडकी उघडेना,
वारा येईना,
पडदा हलेना,
ऊन सरेना,
मांजर उठेना,
बटण सुटेना,
डोळा काही लागेना!"

रिळाने ठिपकुलीकडे पाहिलं.
ठिपकुलीला वाटलं, आता हेही म्हणणार, नाही बुवा.

पण रीळ म्हणालं, "तुला एक डोळा आहे की. दुसरा कशाला?"

ठिपकुलीने विचार केला.
"एका डोळ्याने या बाजूचं दिसतं. त्या बाजूचं दिसत नाही."

"त्या बाजूला काय आहे?"

"तेच तर मला माहीत नाही! म्हणून तर बघायचंय!"

रीळ जरा हललं. मग आणखी जरा हललं.
"अरेच्चा! मीसुद्धा कधीपासून मशीनखालीच पडून आहे. त्या बाजूला काय आहे, मलाही माहीत नाही. चल, बघूच!"

आणि रीळ निघालं.
गरगर गरगर गरगर! दोरा सुटला. सुळ्ळकन चाकात गेला.

चाक अडलं. मशीन कुरकुरली. कुर्रर्र, कुर्रर्र!
"अगंबाई, काय झालं हिला?" ताई वाकल्या. दोरा ओढून काढला. "तेल द्यायला हवं."
त्यांनी कुपी हातात घेतली. तेल गळलं. टुप, टुप.

"हातात तेल आहेच, तर खिडकीच्या कडीलाही देऊ. किती दिवस अडकलीय!"
कडीवर तेल. टुप, टुप.
खिडकी उघडली. कर्रर्र, खट!
वारा आला. सूंऽऽ!
पडदा हलला. फडफड फडफड! हत्ती पळाले! सगळे दारभर पसरले.
ऊन सरलं. सर्रर्र!
मांजर उठली.

ठिपकुली धावली. थुपुक थुपुक थुपुक!
जमिनीवर पाहिलं.
बटण नाही!

"मावशी, माझा डोळा?"

"मला काय माहीत?" भुरी म्हणाली. तिने अंग ताणलं. जांभई दिली. "ऊन गेलं. आता मला थंडी वाजतेय. ऊब कुठे आहे बरं?"

ताई परत मशीनवर बसल्या होत्या. ऊब होती ताईंच्या मांडीवर.
भुरी चालली डुलत डुलत. तिच्या पोटाच्या केसांत काय लोंबतंय? निळं निळं?
ठिपकुली तिच्या मागे मागे निघाली. पडेल का? हरवेल का?
भुरीने उडी मारली. धप्प!
आणि ताईंच्या मांडीवर बटण पडलं. टिंग!

"अगं चोरटे!" ताई हसायला लागल्या. "तू घेऊन झोपली होतीस होय! आणि ठिपकुली कुठेय? टोपलीत तर नाही. अरे, इथे खाली कशी आली ही?"

ताईंनी ठिपकुलीला उचललं. सुईत दोरा ओवला. लाल दोरा.
एक टाका. दोन टाके. गाठ.

ठिपकुलीने पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी. टुकुटुकु, टुकुटुकु!
या बाजूला मशीन, कुपी, खिडकी.
आणि त्या बाजूला?
त्या बाजूला बकुळाताई! मोठ्ठं हसू. नाकावर चष्मा. केसांत कापूस.

"अय्या!" ठिपकुली म्हणाली. "मला करणारी ही होय!"
ताईंना वाटलं, भुरीच काहीतरी बोलली.

जेवणं झाली. बाहुल्या पिशवीत बसल्या. सुपाएवढे कान बसले, मिशीवाला मामा नव्या विजारीत बसला, खिशातली नात बसली. सगळ्यांच्या वर ठिपकुली बसली.

बालवाडीत जुई होती. जुई कुणाशी बोलायची नाही. कोपऱ्यात बसायची, आणि बघायची.
जुईने ठिपकुलीकडे पाहिलं. टुकुटुकु.
ठिपकुलीने जुईकडे पाहिलं. टुकुटुकु.

जुईने तिला मुठीत घेतलं. अंगणात नेलं. पायरीवर बसवलं.
आणि हळूच तिच्या कानात म्हणाली,
"ती बघ मुंगी. तिच्या तोंडात साखर आहे. कुठे नेत असेल गं?"

"चल, बघूच!" ठिपकुली म्हणाली.
आणि काय सांगू? जुईला ते चक्क ऐकू आलं.

मुंगी चालली पुढे. जुई आणि ठिपकुली मागे.

मुंगी शिरली बिळात,
गोष्ट शिरली कानात,
आता गुडुप पांघरुणात!