जैतूनबीची गाठ

फार जुनी गोष्ट. राजेसुद्धा पायी फिरायचे, तेव्हाची म्हणा ना.

एका राज्याच्या टोकाला, टेकडीवर, एका पीरबाबांचा दर्गा होता. राज्यापेक्षाही जुना. त्याच्या दगडी जाळीला लोक नवसाच्या चिंध्या बांधत. नवस फिटला की बांधणाऱ्यानेच येऊन आपल्या हाताने गाठ सोडायची, अशी तिथली रीत. आणि एखादी गाठ आपोआप सुटलेली दिसली, तर बाबांनी शब्द दिला असं समजायचं. मग दिवस मावळायच्या आत मागणं पुरं होणारच!

एकदा तिथे एक प्रवासी आला. माणूस भला. देवाधर्माचं त्याला काही नव्हतं, पण जुनं कोरीवकाम दिसलं की तहानभूक हरपायची. त्याने वहाणा काढल्या, डोक्याला रुमाल बांधला.

"फुलं नाही आणलीत?" दर्ग्याची देखभाल करणाऱ्या मुजावराने विचारलं.

"नाही हो. नवस-बिवस काही नाही. नुसता बघायला आलोय."

"बघा की! डोळे मिटूनच या, असं बाबांनी कुणाला सांगितलेलं नाही."

मुजावर हसत पाणी आणायला गेला. प्रवासी जाळीवरून बोट फिरवू लागला. दगडात वेल होती, वेलीवर द्राक्षं होती, आणि एका विटक्या हिरव्या चिंधीखालून कुणाची तरी चोच डोकावत होती. पक्षी असणार! विचारलं असतं तर मुजावराने रीत सांगितली असती. पण जुन्या चिंधीचं काय विचारायचं? प्रवाशाने नखांनी गाठ सैल केली, सोडली. पक्षी दिसला. तो हरखून बघत राहिला. चिंधी वाऱ्याने कुठे नेली, त्याला कळलंही नाही.

उतरताना वाटेत एक म्हातारी भेटली. हातात झाडू.

"दर्शन झालं का रे, बाळा?"

"बघून झालं, आजी."

खाली गावात तो झाडाखाली टेकतो न टेकतो, तोच ती म्हातारी अनवाणी धावत आली. "गाठ सुटली! माझी गाठ सुटली! याकूब येतोय!"

सारी आळी गोळा झाली. तिचा याकूब तरणाताठा मुलगा. मिठाच्या तांड्याबरोबर गेला, तो परतलाच नव्हता.

"अगं जैतूनबी, वहाणा वरच विसरलीस की!" शेजारीण डोळे पुसत म्हणाली.

"राहू दे गं. याकूब आणेल!"

तिने एकुलती एक कोंबडी कापली. अंगण सारवलं. प्रवाशाचा हात धरून म्हणाली, "बाळा, आज उपाशी जायचं नाही हं. माझ्या घरी सण आहे."

आपण सोडलेली हिरवी चिंधी हिचीच, हे प्रवाशाला कळलं आणि तो सांगायला निघाला. पण तिचा चेहरा असा फुललेला! एक दिवस तरी सुखात राहू दे बिचारीला, असं मनाशी म्हणत तो गुपचूप निघाला.

रस्ताभर त्याचं पाऊल जड. सकाळी मुक्कामावरून तो उलटा फिरला.

जैतूनबी उंबऱ्यात बसली होती. चुलीवर हंडी तशीच झाकलेली.

"आजी, गाठ बाबांनी नाही सोडली. मी सोडली."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कशाला रे?"

"खाली पक्षी कोरला होता. तो बघायचा होता."

"छान होता का?"

प्रवाशाची मान खाली गेली. "आजी, तुझ्याबरोबर वर येतो. आपण पुन्हा बांधू. याकूब येईलही अजून."

"नाही रे बाळा. गाठ होती तोवर तो वाटेत होता. कुठेतरी चालत होता, जेवत होता. काल दिवस मावळला आणि तो आला नाही, तेव्हा मी त्याला मनातल्या मनात माती दिली. तू खरं सांगितलंस, चांगलं केलंस. पण माती दिलेल्याला परत कसा उठवू?"

तिने हंडी उचलली आणि सगळं जेवण आळीतल्या पोरांना वाढून टाकलं.

त्यानंतर जैतूनबी टेकडी कधी चढली नाही. पावसाळा यायच्या आत तीही गेली. प्रवाशाने पुढे पुष्कळ जुनी ठिकाणं पाहिली, पण तिथे काय कोरलंय हे विचारण्याआधी तो विचारायचा, इथे कोण येतं?

तात्पर्य: आपली श्रद्धा नसली तरी चालेल, पण दुसऱ्याची आशा जिथे बांधलेली असते, तिथे विचारल्याशिवाय हात लावू नये.