सगुणामायचं मडकं

“म्हणजे तुम्हाला देवाचा आवाज कधीच ऐकू आला नाही?”

“काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल.”

रिबकानं तेच पुन्हा विचारलं, इतक्या मोठ्यानं की चर्चच्या कौलांवरचे पारवे उडाले.

सगुणामाय हसली. “पोरी, मला माणसांचंच नीट ऐकू येत नाही. देवाचं काय विचारतेस!”

रिबकाला काय वाटलं होतं आणि पुढ्यात काय आलं! लहानपणापासून ती बाहेरगावी वसतिगृहात राहून शिकली, सगुणामायशी तिची गाठ कधी पडलीच नव्हती. फोनवर आई सांगायची, ‘अडलंनडलं की मी सगुणामायकडे जाते. त्या बाईचा देवाशी घरोबा आहे.’ त्यावरून तिनं मनात एक संतीण रंगवली होती. पांढरंशुभ्र पातळ, मिटलेले डोळे, तोंडावर उजेड. इथं पडवीत पाय पसरून एक म्हातारी गुडघ्याला एरंडेल चोळत बसली होती. या चर्चच्या मंडळीची जुनी सेविका. शेजारी एक मडकं.

“माय, मी देवाच्या सांभाळावर प्रबंध लिहिलाय. तिकडे स्कॉटलंडला.”

“मग मला विचारायला कशाला आलीस?”

रिबका पडवीच्या कडेला टेकली.

कशाला आली होती? जाण्याआधी याच चर्चमध्ये गुडघे टेकले, तेव्हा तिला स्पष्ट ऐकू आलं होतं... जा. ती गेली. ती तिकडे असताना इकडे आई गेली. घरात एकटी. आता ती घर आवरायला आली होती. तिकडचं कॉलेज शिकवायला बोलावत होतं. इथली मंडळी म्हणत होती, ‘राहा, आमच्या लेकींना शिकव.’ सकाळची एस.टी. धरायची की सोडायची, तेवढं देवानं सांगावं. एकदाच. पण देव गप्प होता.

“तेव्हा तो बोलला, माय. मग आईच्या वेळी कुठं होता? आणि तेव्हा बोललाच नसेल, तर मी कुणाचं ऐकून गेले?”

सगुणामायनं तेलाची वाटी बाजूला सारली.

“भाकरी खाशील?”

तिनं मडकं सुपात उपडं केलं. ज्वारी, बाजरी, थोडा मका, चार दाणे तांदूळ, कुणाच्या घरचे हुलगे. गावातली रीतच होती. चुलीपुढे बसताना बाई रांधायचं धान्य काढायची, त्यातली एक मूठ देवाची म्हणून मागे ठेवायची आणि येता-जाता या मडक्यात टाकून जायची. न बोलता. मूठ कुणाची, हे कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. सगुणामायचं पोट त्यावर चालायचं.

रिबकानं सूप पुढ्यात ओढलं. तेवढीच मदत, म्हणून ती निवडायला बसली. ज्वारी इकडे, बाजरी तिकडे, हुलगे वेगळे. बराच वेळ गेला. छोटे छोटे ढीग झाले.

सगुणामायनं ते पाहिले. मग सुपात हात घातला आणि सगळे ढीग एक करून टाकले.

“माय! मी एवढं...”

“जात्यात सगळं एकच होतं गं.”

जात्याची घरघर सुरू झाली. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. रिबकाचा हात कोवळा पडला होता, लगेच लाल झाला.

“एखाद्या दिवशी मडकं रिकामंच राहिलं तर?” तिनं घरघरीवर आवाज चढवून विचारलं.

“राहिलंय की.”

“मग?”

“पाणी प्यायले. झोपले.”

“देवाचा राग नाही आला?”

“आला. त्यालाच सांगितला. दुसऱ्या कुणाला सांगू?”

भाकरी झाली. तिला एक चव अशी नव्हतीच. कुठं गोड, कुठं तुरट. रिबकानं घास मोडला. तिनं तो हातात धरून ठेवला.

“यात आईची मूठ असायची?”

“असायची.”

“कधीपर्यंत?”

“शेवटच्या रविवारपर्यंत. भिंतीला धरून धरून आली होती. स्वतःला अन्न जात नव्हतं, तरी आली.”

“काही बोलली? माझ्याबद्दल... काहीतरी?”

सगुणामायनं मान हलवली. “मूठ टाकताना बोलायचं नसतं, बाई.”

“नंतर?”

“पायरीवर बसली माझ्यापाशी. मी पाणी दिलं. तिन्हीसांजेपर्यंत बसलो दोघी.”

“काय बोललात?”

“काही नाही.”

रिबकाचे डोळे भरून आले. इतक्या लांबून ती एका शब्दासाठी आली होती. आईचा चालला असता, देवाचा चालला असता. इथं दोघांनीही तोंड मिटलेलं.

आणि तरी, आई पायरीवर एकटी नव्हती...

हातातला घास तिनं तोंडात घातला.

जेवण झाल्यावर काहीतरी करायला हवं म्हणून तिनं मडकं घासलं, विसळलं आणि पाणी निथळावं म्हणून पडवीत पालथं ठेवलं.

सगुणामाय गुडघ्यांवर हात देत उठली. कण्हत पडवीत आली. मडकं तिनं सरळ केलं, पदरानं आतून पुसलं आणि होतं तिथं ठेवलं. तोंड वर.

“रिकामंच तर आहे, माय.”

“म्हणून तर. पालथं ठेवल्यावर देणारा काय बुडावर ठेवील?”

“आणि कुणी आलंच नाही तर?”

सगुणामाय उघड्या मडक्याशेजारी पथारी टाकून आडवी झाली. हिला ऐकू आलं नाही की उत्तर द्यायचं नव्हतं, ते रिबकाला कळेना.

“सलाम, माय,” मंडळीच्या रीतीनं ती म्हणाली आणि घरी गेली. तिथं बॅग भरून उंबऱ्याशी ठेवलेली होती.

सकाळी गाडीचा हॉर्न वाजला. रिबका बॅगेपाशी उभी होती. कान देऊन. जा म्हण, नाहीतर राहा म्हण. काहीच आलं नाही. हॉर्न पुन्हा वाजला. मग गाडी गेली, आणि धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

मग तिनं बॅग घरात ओढली.

आईच्या डब्यात तळाशी ज्वारी उरली होती. चुलीतली जुनी राख तिनं काढली, जाळ केला. स्वतःपुरती ज्वारी सुपात घेतली. जात्याला हात घालणार, तोच थांबली. त्यातली एक मूठ काढून घेतली आणि बंद मुठीनं रस्ता ओलांडला.

सगुणामाय पाठमोरी बसून अंगण झाडत होती. पडवीत मडकं, रात्री ठेवलं होतं तसंच. रिकामं.

रिबकानं मूठ उघडली. कोरड्या मडक्यात दाणे खळखळले.

ती तशीच उभी राहिली. मूठ टाकताना बोलायचं नसतं, हे ठाऊक असूनही तिच्या तोंडून निघालंच, अगदी हळू, स्वतःशी बोलावं तसं. “गाडी सोडली मी, माय. मला अजून काहीच ऐकू आलं नाही.”

सगुणामायचा खराटा थांबला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

“मला आलं,” ती म्हणाली.