सभ्य शिव्या

“मग त्या शिव्यांचे काय करायचे, बाबा?”

करमशाहबाबा ताक पीत होते. ते पीतच राहिले.

प्रश्न विचारणारे गृहस्थ म्हणजे अच्युत खांबेटे, वकील. परदेशी जाऊन मानवी हक्कांचे उच्च शिक्षण घेऊन आलेले. ते स्वतःला बाबांचे शिष्य म्हणवीत. बाबांनी हे कधी नाकारले नव्हते, आणि मान्य केल्याचेही कोणाच्या ऐकिवात नव्हते.

“कोणाच्या शिव्या?” बाबांनी वाटी खाली ठेवली.

“निंबसरच्या आणि वाकोडीच्या बायकांच्या.”

बाबांची झोपडी ओढ्याच्या काठी होती. ओढ्याच्या अलीकडे निंबसर, पलीकडे वाकोडी. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी दोन्ही गावांच्या बायका दोन्ही काठांवर उभ्या राहत आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या देत. घसे बसले, की पाण्यात उतरून एकमेकींची ओटी भरीत. ही चाल कोणी पाडली, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

यंदा मात्र विघ्न आले होते. एका सुधारक गृहस्थांनी तक्रार केली होती. हा अश्लील प्रकार यापुढे बंद करावा, असे तालुक्याच्या कचेरीत जवळजवळ ठरले होते.

“अनेक देशांनी मिळून एक मंडळ स्थापन केले आहे, बाबा. कोणत्याही समाजाची रीतभात कोणी पुसून टाकू नये, हे पाहणे त्याचे काम. मी त्यांना लिहिले. त्यांच्या एक सदस्या सोमवारी येत आहेत. त्यांनी अनुकूल मत दिले, तर कचेरी माघार घेईल. नाही दिले, तर...”

“तर?”

“तर हा शेवटचा सोमवार.”

बाबांनी वाटी विसळून पालथी घातली.

“म्हणून म्हणतो, त्या बाईंच्या कानांवर त्या शिव्या पडल्या तर कसे व्हायचे?”

“कानांवर पडाव्यात म्हणूनच देतात.”

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. “मी त्या सभ्य करून घेतल्या तर? चाल तीच राहील. दोन काठ, दोन गावे, तीच वेळ. फक्त शब्द बदलायचे. शिवीच्या जागी शुभेच्छा.”

“मीठ काढून लोणचं टिकवायचं म्हणता.”

“म्हणजे आपली संमती नाही?”

“करून बघा...”

संमती मिळाली, असे समजून वकीलसाहेब उठले. त्यांनी दोन्ही गावांत जाऊन बायकांकडून शुद्ध उच्चारांसह वाक्ये पाठ करून घेतली. चाल वाचावी म्हणून बायकांनीही ती निमूटपणे पाठ केली. पलीकडच्यांनाही असेच शिकवले आहे, हे मात्र वकीलसाहेबांनी कोणत्याच काठाला सांगितले नाही. आयत्या वेळी गोड धक्का बसावा, अशी त्यांची इच्छा होती.

सोमवारी पाहुण्या आल्या. त्यांचे नाव सिरा दियारा. आफ्रिकेतील माली देशाच्या. उंच, हसऱ्या, डोक्याला पिवळा रुमाल बांधलेल्या. बाबा एका दगडावर पाय पाण्यात सोडून बसले होते. त्यांच्या शेजारच्या दगडावर त्या जाऊन बसल्या. वकीलसाहेबांनी बूट काढून नीट जोडून ठेवले व ते दुभाष्याच्या कामाला उभे राहिले.

वाकोडीच्या काठावरून येसूबाई पुढे आल्या. शिव्यांत त्यांचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. समोर निंबसरच्या ठकूबाई, त्यांच्या विहीणबाई, कंबर कसून तयार.

येसूबाईंनी डोळे मिटले आणि म्हटले, “आपले आरोग्य चिरकाल उत्तम राहो.”

ठकूबाईंचे तोंड उघडे राहिले.

“आपल्या कुटुंबात सुखसमृद्धी नांदो,” येसूबाईंनी पाठांतर पुरे केले.

निंबसरच्या काठावर कुजबुज झाली. ठकूबाईंनी आपले वाक्य म्हणण्याऐवजी पदर डोळ्यांना लावला.

“काय झालं गं, ठके?” मागून कोणीतरी विचारले.

“माझ्या आमटीला नावं ठेवल्याबिगर हिचा श्रावण सरत न्हाई. आज माझं आरोग्य चिंतती. माझी लेक हिच्या घरात नांदती, अन् मी काय परकी झाले?”

“तिच्या मनात काहीतरी आलंय.”

“लेकीचं काही बरंवाईट...”

“चला गं घरी. ज्यांना आपण नकोत, त्यांच्या काठाला कशाला उभं राहायचं?”

निंबसरच्या बायका ओटीचे तांदूळ बांधू लागल्या. ते पाहून वाकोडीच्या बायकांचाही पारा चढला. शुभेच्छा दिल्या आणि वर पाठ फिरवली, हा कुठला न्याय?

“त्या काय म्हणत आहेत?” सिराबाईंनी विचारले.

“एकमेकींचे कल्याण चिंतीत आहेत,” वकीलसाहेब म्हणाले.

“मग त्या आजी रडत का आहेत?”

“...आनंदाने.”

सिराबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिले. अशी नजर साक्षीदाराकडे टाकण्याची वकीलसाहेबांना सवय होती. ती आपल्याकडे वळलेली त्यांनी प्रथमच अनुभवली. ते बाबांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, “बाबा, चाल मोडते आहे. काय करू?”

बाबांनी वाकून वकीलसाहेबांचे बूट उचलले. ते चांगले चकाकत होते. बाबांनी एक ओढ्याच्या मधोमध फेकला. मग दुसराही फेकला.

“बाबा, माझे बूट...”

वकीलसाहेब पाण्यात धावले. गुडघाभर पाण्यात एक बूट हाती लागला, दुसऱ्यासाठी वाकले ते सपशेल बसले. उठून पाहतात तो दोन्ही काठांच्या बायका थांबल्या होत्या व त्यांच्याकडे पाहत होत्या. आता पळायला दोन्हीकडे वाट नव्हती.

“येसूबाईंचा दोष नाही,” ते म्हणाले. चष्म्यातून पाणी गळत होते. “ती वाक्ये मी पाठ करून घेतली. त्यांच्या मनात तसे काही नाही.”

ठकूबाईंनी पदर खाली केला. “म्हंजी हिला माझं आरोग्य नको हाय?”

“मला कशाला पायजे तुझं आरोग्य?” येसूबाई पलीकडून म्हणाल्या. “तुझी आमटी बघून म्हैस विचारती, माझं पाणी कुणी नेलं म्हणून.”

ठकूबाईंच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखे झाले.

“तुला बघती मागनं,” त्या म्हणाल्या. “आधी ह्याला बघू दे. काय रे ए, इस्त्री केलेल्या बुजगावण्या.”

“बुजगावण्याला पाखरं भितात तरी,” पलीकडून येसूबाईंनी पुस्ती जोडली. “ह्याच्या डोक्यावर अंडी घालतील.”

“बोहल्यावर उभा केला तर नवरी अंतरपाट धरून बसंल, खाली म्हणून सोडायची न्हाई.”

“अन् भटजी म्हणंल, बाई, सोडू नको.”

यापुढे दोन्ही गावांनी मिळून वकीलसाहेबांविषयी, त्यांच्या शिक्षणाविषयी व त्यांच्या पूर्वजांविषयी जे उद्गार काढले, त्यांची येथे नोंद करणे उचित होणार नाही. पूर्वज संपल्यावर बायका एकमेकींकडे वळल्या, आणि बघता बघता ओढा नेहमीसारखा दणाणून गेला.

वकीलसाहेब निथळत काठावर आले. हातात एकच बूट होता.

“आता त्या काय म्हणाल्या?” सिराबाईंनी विचारले.

खोटे बोलण्याचे त्राण उरले नव्हते. त्यांनी सर्व सांगितले. बुजगावणे सांगितले, अंडी सांगितली, अंतरपाट म्हणजे काय तेही समजावले. पूर्वजांचा भाग खाली पाहून सांगितला, पण गाळला नाही.

सिराबाई गंभीरपणे ऐकत होत्या. मग त्या इतक्या हसल्या की दगडावरून घसरल्या.

“हे तुम्ही माझ्यापासून लपवीत होता?” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे दियारा आणि त्राओरे घराण्यांचे असेच आहे. भेटलो की आम्ही एकमेकांना चवळी खाणारे म्हणतो, आणखीही पुष्कळ म्हणतो. राग आला तर तो असभ्यपणा. मंडळाच्या बैठकीत एका देशाने कराराच्या कलमात ‘सभ्य चालीरीती’ असे घालायचे म्हटले, तेव्हा मी भांडून ‘सभ्य’ काढायला लावले. सभ्य कशाला म्हणायचे, ते नेहमी दुसराच कोणीतरी ठरवतो.”

वकीलसाहेबांनी मान खाली घातली. ते कलम त्यांनी पाठ केले होते.

सिराबाई उठल्या, पाण्यात उतरल्या आणि वाकोडीच्या काठाकडे तोंड करून इंग्रजीत काहीतरी ओरडल्या.

“त्या म्हणतात,” वकीलसाहेबांनी मोठ्याने भाषांतर केले, “तुम्ही सगळ्या चवळी खाणाऱ्या आहात.”

मग येसूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“आम्ही चवळी खाऊन एवढ्याशा ऱ्हायलो. तू काय ऊस खाऊन वाढलीस का, विचारा तिला.”

विचारले. सिराबाईंनी कमरेवर हात ठेवून त्याचेही उत्तर दिले. वाकोडीची बाजू खूष झाली. एक बाई पाण्यात येऊन त्यांची ओटी भरू लागली, तर दुसरी त्याच वेळी त्यांच्या रुमालाला नावे ठेवीत होती.

निंबसरचा काठ मात्र गप्प झाला होता.

“बघा,” ठकूबाई शेवटी म्हणाल्या, “पाहुणी एवढ्या लांबनं आली, अन् सगळं त्यांनाच दिलं. आम्ही काय घोडं मारलंय?”

वकीलसाहेबांनी सिराबाईंना हे सांगितले. सिराबाई लगेच वळल्या आणि निंबसरलाही चवळी खाणाऱ्या ठरवून मोकळ्या झाल्या. ठकूबाईंनी समाधानाने पदर खोचला.

संध्याकाळी सिराबाईंनी अनुकूल मत देण्याचे कबूल केले. फक्त एक गोष्ट त्यांना विचारायची होती. मंडळापुढे हा हक्क कोणाचा म्हणून मांडायचा? तो कोणाच्या तरी नावाने मांडावा लागेल.

वकीलसाहेब अनवाणीच बाबांकडे गेले. बाबा अजून पाण्यात पाय सोडून बसले होते.

“बाबा, हा हक्क कोणाचा म्हणून सांगू? निंबसरचा म्हणावा तर वाकोडी रुसेल. वाकोडीचा म्हणावा तर...” ते थांबले. “शिवी देणाऱ्यांचा, असे सरळ सांगतो. बरोबर ना?”

बाबांनी ठकूबाईंच्या काठाकडे पाहिले.



“ज्याला शिवी मिळाली नाही, त्याला विचारा.”