दोघांमधलं तेल

बोनेटखाली अजून बोलणं चालायचं, तेव्हाची गोष्ट. एका वेगवान गाडीत सगळं मूळचंच होतं. गाडी जागेवरून झेपावावी म्हणून मेकॅनिकने फक्त टॉर्क कन्व्हर्टर बदलला. इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणं, हे त्याचं काम.

गिअरबॉक्सचा जुना सोबती, आधीचा कन्व्हर्टर, गेला होता. त्याच्याबरोबर फिरलेलं तेल तेवढं उरलं होतं.

"इंजिन एवढं ओरडतं, मग ताकद माझ्याकडे उशिरा का येते? मधे काय लपवतोस?" गिअरबॉक्सने नव्या कन्व्हर्टरला विचारलं.

"लपवत नाही, दादा. इंजिनाला आधी वेग घेऊ देतो, मग ताकद सोडतो. त्यात तेल तापतं. तुम्ही धोक्याचा दिवा लावा, म्हणजे मालक तेल गार करायला मोठा कूलर बसवतील."

"काल आलास आणि आज भाऊबंद बोलावतोस?" गिअरबॉक्सने दिवा लावला नाही.

घाटात जळका वास सुटला आणि गाडी थांबली.

"बघितलेस तुझे उद्योग?" गिअरबॉक्स कन्व्हर्टरवर खेकसला.

"तो खरं बोलत होता," काळं पडलेलं तेल म्हणालं. "मला एकदा विचारायचं होतंस."

मेकॅनिकने कूलर बसवला आणि खालचा बोल्ट काढला. तेल बादलीत पडत राहिलं.

"दादा, नवं तेल येतंय," कन्व्हर्टर हळूच म्हणाला.

या वेळी गिअरबॉक्सने कसलीही शंका न काढता ते आत घेतलं.