कासवाची बढती

एका रानात वाघोबांनी मोठ्या थाटात स्वतंत्र न्यायालयं उघडली. खालचं तळ्याकाठी, वरचं डोंगरमाथ्यावर. काही दिवसांतच वाघोबांच्या लाडक्या तरसाने साळूबाई साळिंदराचं बीळ बळकावलं. तळ्याकाठच्या न्यायाधीश कासवाने बेधडक निकाल दिला, "बीळ साळूबाईचंच!"

वाघोबा गहिवरले. "असा रत्नासारखा न्यायाधीश खाली कुजवायचा? बढती द्या, डोंगरावर पाठवा!" बिचारं कासव अजून चढतंच आहे.

तरसाने फेरसुनावणी मागितली. न्यायाधीश बदलला तरी न्याय तोच, या भाबड्या समजुतीने साळूबाई पुन्हा तळ्याकाठी गेली. नव्या न्यायाधीश बेडकाने तिचं सगळं ऐकून घेतलं, डोंगराकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई, तिकडे वर पाणी आहे का हो?"